झायनला गाडी लावायची कुठे?

उन्हाळी सुट्टी जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमधली गावं बदलतात. एरवी गणपतीपुळे, अक्कलकोट, फार तर हंपी. मार्च उजाडला की एकदम ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, झायन. मुलाकडे-मुलीकडे सहा महिने राहायला निघालेली मंडळी लिहितात, आणि त्यांना फिरवायचं कसं या काळजीत पडलेली मुलंही लिहितात. या खेपेला अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाबद्दल, त्यातही तिथल्या पार्किंगबद्दल, इतकं विचारलंय की सगळी जागा त्यालाच दिली आहे. माझी लेक लास व्हेगसला असते. तिथून झायन अडीच-तीन तासांवर, त्यामुळे ते रान माझ्या पायाखालचं आहे. नोकरीची सगळी वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. डोंगराआधी माझी नजर बसथांब्यावर जाते, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघं (वय ६६ आणि ६१) मे महिन्यात मुलाकडे लॉस एंजेलिसला जात आहोत. मेमोरियल डेला जोडून आलेल्या सुट्टीत तो आम्हाला त्याच्या गाडीने झायनला नेणार म्हणतो. त्याचे मित्र सांगतात, तिथे पार्किंग मिळत नाही, तास-तास फिरत बसावं लागतं. जावं की बेत रद्द करावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जरूर जा. पण मुलाला एक गोष्ट निघायच्या आधीच सांगून ठेवा. झायनची जी मुख्य दरी, जिचे फोटो तुम्ही पाहिले असतील, तिथे तुमची गाडी जातच नाही. साधारण मार्च ते नोव्हेंबर या काळात दरीतल्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते आणि उद्यानाच्या फुकट बस चालतात. माथेरानला जशी दस्तुरीला गाडी लावल्यावाचून गत्यंतर नाही, तसंच हे. फरक एवढाच, की माथेरानला निघालेल्या प्रत्येकाला दस्तुरी ठाऊक असते आणि झायनला बरेच जण दारापर्यंत येऊन मग विचारतात.

हे उगाच केलेलं नाही. दरी अरुंद, रस्ता एकच आणि तोही पुढे जाऊन संपणारा. १९९७ साली तिथे २४ लाख माणसं आली आणि गाड्यांच्या गर्दीने झाडोरा, शांतता, सगळंच धोक्यात आलं. म्हणून २००० साली बस सुरू केली. आता वर्षाला पन्नास लाखांच्या आसपास माणसं येतात, तरी दरीत उभं राहिलं तर नदीचा आवाज ऐकू येतो. आणि आता तर सगळ्या बस विजेवरच्या झाल्या आहेत. ज्याने कुणी ही वाहतूक बसवली त्याचा आमच्या डेपोत बोलावून शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा असं मला फार वाटतं.

तेव्हा पार्किंगचा घोळ दरीतला नाही, दारातला आहे. दक्षिणेच्या दारातून आत शिरलं की लगेच व्हिजिटर सेंटर आणि तिथला मोठा वाहनतळ. तो सकाळी आठ-नऊच्या सुमारास भरून जातो, जोडून सुट्टी असली की त्याहूनही लवकर. नंतर आलेल्या गाड्या त्यातच गोल गोल फिरत राहतात, कुणी किल्ली हातात घेऊन चालताना दिसला की त्याच्या मागे हळूहळू सरकतात. मुलाच्या मित्रांनी सांगितलेलं तास-तास फिरणं ते हे. ते करूच नये.

दाराला लागून स्प्रिंगडेल नावाचं गाव आहे, एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लांबट पसरलेलं. या गावातही एक वेगळी बस चालते, तीही फुकट. हॉटेलं आणि दुकानांसमोरच्या थांब्यांवरून ती माणसं उचलते आणि उद्यानाच्या पायी जायच्या दाराशी सोडते. तिथे उद्यानाचा प्रवेशाचा पास दाखवायचा, व्हर्जिन नदीवरचा छोटा पूल ओलांडायचा, की दरीत जाणाऱ्या बसची रांग समोर. म्हणजे गाडी गावात कुठेही लागली तरी तुम्ही अडत नाही.

सगळ्यांत निर्धास्त उपाय म्हणजे आदल्या रात्री स्प्रिंगडेललाच मुक्काम. खोली महाग पडते, हे खरं आहे. पण लॉस एंजेलिसहून सहा-सात तास गाडी हाकून आलेल्या मुलाला पहाटे पुन्हा गाडी काढायला लावण्यापेक्षा ते बरं. खोली सोडल्यावरही दुपारपर्यंत गाडी आवारात राहू द्याल का, हे हॉटेलवाल्याला आदल्या रात्रीच विचारून घ्या. पैसे वाचवायचे असतील तर अलीकडच्या हरिकन किंवा सेंट जॉर्ज या गावांत उतरा, मात्र मग सातच्या आत झायनच्या दारात पाहिजे.

इथे आपली मंडळी दोन ठिकाणी हमखास अडकतात. एक, घड्याळ. कॅलिफोर्निया आणि नेवाडापेक्षा युटा एक तास पुढे आहे. मध्ये ॲरिझोनाचा एक कोपरा लागतो, तिथे उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचीच वेळ असते. पुढे युटाची हद्द लागली की तास गेला. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ बदलेलच असं नाही, आणि बाबा मात्र मनगटावरचंच घड्याळ बघत असतात. व्हेगसहून पहाटे पाचला निघून साडेसातला पोचू असं म्हणणारे साडेआठला पोचतात, ते यामुळे. दुसरी गोष्ट म्हणजे हॉटेलचा फुकटचा नाश्ता. तो सोडवत नाही. वॉफलच्या यंत्रासमोर उभं राहून, वर दही, वर केळं, खोलीत न्यायला दोन सफरचंदं, असं करत आठ वाजतात आणि वाहनतळ भरतो. आदल्या दिवशी घरून मेथीचे ठेपले किंवा दशम्या बांधून घ्या, थर्मासात चहा घ्या आणि निघा. नाश्ता दरीत नदीकाठी बसून होतो, जास्त चांगला होतो.

आता मेमोरियल डेबद्दल. तो मे महिन्यातला शेवटचा सोमवार. शनिवारपासून सोमवारपर्यंत गर्दी कमाल असते. मुलाला एक दिवस रजा मिळत असेल तर सोमवारी दुपारी, सगळे परत निघाले की तुम्ही स्प्रिंगडेलला पोचा आणि मंगळवारी सकाळी दरीत जा. रजा नसेल तर शनिवारी जा, पण उजाडताना.

आणखी एक. २०२६ च्या १ जानेवारीपासून अमेरिकेबाहेरच्या पाहुण्यांना झायनसह अकरा उद्यानांत प्रवेशशुल्काच्या वर माणशी १०० डॉलर भरावे लागतात, वय १६ आणि पुढच्यांना. परदेशी पाहुण्यांचा वर्षाचा पास २५० डॉलरचा आहे. तुम्ही दोघं ग्रँड कॅन्यन आणि ब्राइस कॅन्यनही करणार असाल तर पासाचा हिशेब करून बघा. जे घ्याल ते घरून ऑनलाइन घ्या आणि पासपोर्ट हाताशी ठेवा, सामानाच्या डिकीत तळाला नको. मागे गाड्यांची रांग असते.

प्रश्न : काका, दरीत जाणाऱ्या बससाठी आधी आरक्षण लागतं का? आणि रांग किती असते? फोटोंतली रांग बघूनच बायकोने नकार दिलाय.
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : आरक्षण नाही, तिकीट नाही. करोनाच्या काळात काही महिने तिकीट लावलं होतं, ते कधीच गेलं. आता रांगेत उभं राहायचं आणि चढायचं.

रांगेबद्दल बोलतो, कारण हा माझा प्रांत. रांगेतली माणसं मोजू नयेत, गाड्या मोजाव्यात. व्हिजिटर सेंटरच्या थांब्यावर लोखंडी कठड्यांमधून नागमोडी रांग फिरवलेली आहे, त्यामुळे ती बघताक्षणी छातीत धस्स होतं. पण हंगामात बस पाच-दहा मिनिटांनी सुटतात आणि प्रत्येक बस त्या रांगेतला एक घसघशीत तुकडा उचलून नेते. दोन बस सुटेपर्यंत उभं राहायचं, रांग किती सरकली ते बघायचं, मग ठरवायचं. दोन गाड्यांत अर्धी रांग सरकली असेल तर कुरकुर न करता थांबा. जोडसुट्टीत दहा ते दोनच्या मध्ये गेलात तर मात्र तासभर धरून चाला; त्या वेळी रांगेत उभं राहण्यापेक्षा व्हिजिटर सेंटरहून निघणाऱ्या पारूस पायवाटेने नदीच्या काठाकाठाने चालायला लागलेलं बरं. वाट डांबरी आहे, चढ फारसा नाही.

सकाळी आठच्या आत किंवा दुपारी तीन-चारनंतर रांग हलकी असते. उन्हाळ्यात अंधार उशिरा पडतो, म्हणून दुपारची वेळ मला जास्त पसंत. सकाळी आलेले थकून खाली येत असतात, गावातल्या गाड्याही निघायला लागलेल्या असतात, त्यामुळे जागाही मिळते. फक्त वरून शेवटची बस किती वाजता सुटते ते थांब्यावरच्या फलकावर बघून घ्या आणि त्याच्या आधीची पकडा. शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवू नये, हे मी नोकरीत फलाटावर रोज सांगत असे. ती चुकली तर पायी यावं लागतं.

उतरताना आणखी एक गंमत होते. शेवटच्या थांब्यावरूनच बस भरून येते आणि मधल्या थांब्यावर एक-दोन माणसं चढतात, बाकीचे हात हलवत राहतात. आपल्याकडे स्वारगेटहून भरून आलेली गाडी कात्रजला थांबली की जे होतं तेच. अशा वेळी उलट वर जाणाऱ्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यावर उतरून तिथल्या रांगेत लागायचं आणि बसायला जागा घेऊन खाली यायचं. वेळ तेवढाच जातो, पाय वाचतात.

बायकोचं मन तरीही वळत नसेल तर तिला कोलोब कॅन्यन्स दाखवा. झायनचाच भाग, पण दार वेगळं. आय-१५ महामार्गावरून ४० नंबरला बाहेर पडायचं. पाच मैलांचा घाटरस्ता, स्वतःच्या गाडीने वरपर्यंत जाता येतं, बसची भानगड नाही आणि माणसं खूपच कमी. लाल कडे तिथेही आहेत. मुख्य दरीसारखं नदीचं पात्र मात्र नाही.

प्रश्न : आईचे दोन्ही गुडघे दुखतात. फार तर अर्धा तास चालेल, तेही सपाटीवर. बसमध्ये चढ-उतार जमेल का आणि तिने कुठे उतरावं? की गाडीतूनच जाता येईल असं काही करता येतं?
– एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : बसमध्ये चाकाची खुर्चीसुद्धा चढते, त्यामुळे आईंना अडचण येऊ नये. चढताना चालकाला आधी खूण करा, तो घाई करत नाही.

एकूण नऊ थांबे आहेत. सगळीकडे उतरायचा हट्ट धरू नका. आईंना खिडकीची जागा द्या आणि पहिल्यांदा थेट नवव्या थांब्यापर्यंत, टेंपल ऑफ सिनावावापर्यंत जा. पाऊण तास लागतो. जाताना दोन्हीकडचे कडे जवळ जवळ येत जातात, ते बसून बघण्यासारखं आहे. नवव्या थांब्यावरून रिव्हरसाइड वॉक निघते. ती फरसबंद आहे, नदीला लागून आहे आणि एका बाजूने मैलभर आहे. आईंनी पूर्ण करायचं कारण नाही. पहिल्या वळणापर्यंत गेल्या तरी पाणी, सावली आणि वर मान करून बघायचा कडा, तिन्ही मिळतं. परत फिरताना पाचव्या थांब्यावर, झायन लॉजपाशी उतरा. तिथे मोठं हिरवंगार मैदान आहे, मध्ये एक जुनं कॉटनवुडचं झाड. त्याच्या सावलीत आईंना बसवून तुम्ही एमराल्ड पूल्सच्या डोहांपाशी जाऊन या. प्रसाधनगृहं पहिल्या, पाचव्या, सहाव्या आणि नवव्या थांब्यावर आहेत, हे मी मुद्दाम लिहितोय. आमच्या वयाच्या माणसाला आधी ते विचारायचं असतं आणि विचारवत नाही.

गाडीतून जायचा एक रास्त मार्ग आहे. झायन लॉज हे दरीच्या आतलं एकमेव राहायचं ठिकाण. तिथे खोली घेतलेल्यांना लॉजपर्यंत स्वतःची गाडी नेण्याचा परवाना मिळतो. फार आधी आरक्षण करावं लागतं. परवडत असेल तर आईंसाठी एवढं एकदा कराच.

प्रश्न : स्प्रिंगडेलमध्ये रस्त्याकडेला फुकट गाडी लावायला जागा आहे का?
– एक वाचक, ठाणे (सध्या फीनिक्स)

उत्तर : मुख्य रस्त्यालगत पैसे भरून लावायची सोय आहे, उद्यानाच्या जितकं जवळ तितका दर जास्त. यंत्रावर किंवा फोनवर पैसे भरता येतात. फुकटच्या शोधात लोकांच्या घरांसमोरच्या गल्ल्यांत शिरू नका, दंड होतो. गावाच्या अलीकडच्या टोकाला स्वस्त जागा बघा, गाडी लावा आणि गावची बस धरा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये गर्दी नसते, स्वतःची गाडी दरीत नेता येते असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर : अर्धं खरं. हिवाळ्यात बस बंद असते तेव्हा दरीचा रस्ता गाड्यांना खुला असतो. पण आतल्या जागा मोजक्या. त्या भरल्या की रेंजर रस्ता बंद करतात आणि गाड्या बाहेर पडतील तशा आत सोडतात. नाताळ ते नववर्ष या गर्दीच्या दिवसांत पुन्हा बस चालवतात. जानेवारीत आठवड्याचा मधला वार गाठा, सकाळी लवकर जा, आणि सावलीतल्या रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा असतो त्याला जपा.

प्रश्न : मी ॲरिझोनात एमएस करतोय. आम्ही पाच मित्र एंजल्स लँडिंग चढणार आहोत. परवाना लागतो का? बस किती वाजताची धरावी?
– एक वाचक, मूळ पुण्याचा

उत्तर : लागतो. २०२२ च्या एप्रिलपासून सोडत काढून परवाने देतात. एक सोडत हंगामाच्या बरीच आधी असते, दुसरी आदल्या दिवशी. परवान्यावर वेळ असते : नऊच्या आधी, नऊ ते बारा किंवा बारानंतर. ही वेळ चढाईला लागायची आहे, वाहनतळावर पोचायची नाही. तुम्ही उतरणार सहाव्या थांब्यावर, ग्रोटोला. नऊच्या आधीचा परवाना मिळाला आणि साडेआठला व्हिजिटर सेंटरला गाडी लावायला जागा शोधत बसलात, तर सोडत लागूनही उपयोग नाही. बाबांनो, पाच जण दोन गाड्यांतून येऊ नका, एकाच गाडीत बसा. परवाना नाहीच मिळाला तर अलीकडच्या स्काउट लुकआउटपर्यंत जाता येतं, कड्यावर धरून चढायच्या साखळ्या त्याच्यापुढे सुरू होतात. जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारी वळवासारखा पाऊस कोसळतो आणि घळींना अचानक लोंढा येतो. तेव्हा सकाळचीच बस.

प्रश्न : तुम्ही सारखं बस-बस करता. वडील म्हणतात, भाड्याची का होईना, स्वतःची मोठी गाडी असताना बसच्या दांडीला कशाला लटकायचं?
– एक वाचक, शिकागो

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा. दरीतले कडे हजार-दोन हजार फुटांचे आहेत. गाडी चालवणाऱ्याला त्यातलं काय दिसतं? पुढच्या गाडीची नंबरप्लेट. त्यांना बसमध्ये खिडकीशी बसवा आणि एक फेरी होऊ द्या. तरी नाही पटलं तर एकदा पूर्वेकडच्या रस्त्याने जाऊन कॅन्यन ओव्हरलुकच्या पायवाटेपाशी गाडी लावायला सांगा. तिथे बस नाही, स्वतःचीच गाडी न्यावी लागते, आणि जागा इतकी इवलीशी की दहा वाजता तिच्यासाठी चांगल्या घरची माणसं भांडताना दिसतात.

प्रश्न : आम्ही आठ जण, लास व्हेगसहून मोटारहोम (राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन झायन आणि तिथून ब्राइस कॅन्यन असा बेत आहे. गुगल मॅप झायनच्या बोगद्यातून रस्ता दाखवतो. जाता येईल ना?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. तो बोगदा १९३० साली पूर्ण झाला, १.१ मैल लांब, तेव्हाच्या मोटारींच्या मापाचा. भाड्याची मोटारहोम बहुतेक ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद किंवा ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच असते. पूर्वी अशा गाड्यांसाठी जास्तीचे पैसे घेऊन समोरची वाहतूक थांबवत आणि बोगद्याच्या मधोमधून जाऊ देत. २०२६ च्या ७ जूनपासून तेही बंद, मोठ्या गाड्यांना त्या रस्त्याने जाताच येत नाही. हरिकनवरून ५९ नंबरच्या रस्त्याने फ्रेडोनिया, मग कनॅब आणि वर ब्राइस, असा वळसा घ्या. भाड्याच्या कागदावर गाडीची लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहून मागा; आरसे धरून रुंदी किती, हेही विचारा.

झायनच्या वाहनतळात मोटारहोमच्या जागा थोड्या आणि त्या आधी भरतात. म्हणून ती स्प्रिंगडेलच्या कॅम्पग्राउंडवर लावून ठेवा आणि दोन दिवस हलवूच नका. आठ जणांची चूल तिथेच मांडा, दरीत जायला गावची बस आहेच.